तुतारी पुसणारा माणूस

माझ्याकडे ट्रम्पेट आहे, असं कासाच्या बाजारात मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने पहिला प्रश्न एकच विचारला. "कुठल्या पक्षाकडून?"

त्यांची चूक नाही. २०२४ च्या लोकसभेला एका पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळालं आणि ठिकठिकाणच्या अपक्षांना मिळालं नुसतं ट्रम्पेट. मराठी यादीत त्या ट्रम्पेटचं नावही 'तुतारी'च छापलेलं. माणसासकट तुतारी की माणसाशिवाय, या घोळात साताऱ्यात एका अपक्षाच्या ट्रम्पेटला ३७ हजारांहून जास्त मतं पडली. एक फुंकरही न मारता ट्रम्पेटला एवढी दाद जगात कुणी मिळवली नसेल. तेव्हापासून मी काळी पेटी घेऊन निघालो की चहावाला विचारतो, "गुरुजी, फॉर्म भरला का?"

माझं चिन्ह खरं तर वेगळंच आहे. तुतारी पुसणारा माणूस.

या सगळ्याचं मूळ 'अलबेला'त आहे. १९५१ चा तो भगवानदादांचा सिनेमा. त्यात सी. रामचंद्रांच्या गाण्यावर चिक चॉकलेट आपला बँड घेऊन पडद्यावर येतो. गोव्यातल्या आल्दोन्याचा हा अंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट असा धरतो, की आपल्याही हातात ते तितकंच शोभेल असं पाहणाऱ्याला वाटू लागतं. मला वाटलं. आमचा जिल्हा पालघर, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वसईत लग्नाला आणि चर्चच्या सणाला आजही ब्रास बँड वाजतो. तिथल्या एका निवृत्त बँडवाल्या काकांकडून मी एक जुनं ट्रम्पेट घेतलं. काकांनी पैसे मोजून खिशात घातले आणि सल्ला दिला, "रोज वाजव. महिन्यातून एकदा धू."

वसईहून येताना एसटी इतकी हलली, की कासाला पोचेपर्यंत तो सल्ला उलटा झाला होता. मी रोज धुऊ लागलो आणि महिन्यातून एकदा वाजवू लागलो.

याला कारणही होतं. ट्रम्पेट वाजवायला बसलं की पहिले काही आठवडे म्हशीचा आवाज येतो. तोही आजारी म्हशीचा. पण ट्रम्पेट पुसायला बसलं की कुठलाच आवाज येत नाही, हातात पिवळंधमक फडकं असतं, आणि येणारा-जाणारा "वा, गुरुजी संगीतात रमलेत" म्हणतो. माणसाला आणखी काय हवं?

त्यात हे यंत्र साधं नाही. गुंडाळी उलगडली तर जवळजवळ पाच फुटांची नळी भरेल. मधे तीन व्हॉल्व्ह, प्रत्येकात एक पिस्टन. पहिला दाबला की सूर पूर्ण एका पायरीने उतरतो, दुसरा दाबला की अर्ध्या, आणि तिसरा दीड. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोन जर्मनांनी व्हॉल्व्हचा शोध लावला आणि १८१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे पॅरिसच्या पेरिनेने आजच्या घाटाचा पिस्टन केला. त्याआधीचे ट्रम्पेटवाले किती सुखी असतील! त्यांच्या वाद्यात पुसण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे बिचाऱ्यांना वाजवावं लागायचं. आपल्या केशवसुतांनीही तुतारी मागितली ती फुंकण्यासाठी. ती पुसणार कोण, याचा विचार कवितेत कुठेही नाही.

घरातला पहिला संघर्ष पाण्यावरून झाला. ट्रम्पेटच्या वळणावर एक चिमुकली किल्ली असते. ती दाबून फुंकलं की आत साचलेलं पाणी बाहेर पडतं. आपल्या श्वासातली वाफ गार पितळेला लागते आणि तिचं पाणी होतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसंच. हे मी बायकोला शास्त्रशुद्ध समजावलं. ती नुकत्याच पुसलेल्या लादीकडे बघत होती.

"म्हणजे थुंकी नाही?"

"नाही. वाफ."

"कुणाची?"

"माझी."

"कुठून आली?"

"तोंडातून."

"मग पुसा."

दुसऱ्या दिवशी मुलीने वहीच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने 'येथे थुंकू नये, दंड ५० रुपये' असं लिहून माझ्या खुर्चीच्या मागे लावलं. सरकारी कचेरीत अशी पाटी दिसली की लोक तिच्याखालीच थुंकतात, पण घरात दंड वसूल होतो. पावसाळा संपेपर्यंत तिच्या सायकलचे पैसे जमले.

मग तेल. पिस्टन आणि त्याची नळी यांच्यामधली फट केसाहून बारीक असते आणि तिला एक खास पातळ तेल लागतं. ते कासात मिळत नाही. बाजारातला दुकानदार मात्र "नाही" हा शब्द न शिकताच दुकानात बसलेला आहे.

"शिलाई मशीनचं आहे, सायकलच्या चेनचं आहे, केसांचं आहे. तुमचं वाद्य कुठल्या जातीचं?"

"पितळी."

"मग खोबरेल न्या. सगळ्या जातींना चालतं."

मी नेलं. डिसेंबरभर पिस्टन लोण्यासारखे चालले. मग जानेवारीतली एक गार पहाट आली आणि ते खरोखरच लोण्यासारखे झाले. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, हे न्हाणीघरातल्या बाटलीकडे बघून मला रोज कळत होतं, पण ट्रम्पेट आणि बाटली यांचा संबंध काही डोक्यात आला नाही. तिन्ही पिस्टन दाबले ते खालीच राहिले. वर यायचं नावच घेईनात. शेवटी ट्रम्पेट अंगणात उन्हात ठेवलं, शेजारणीच्या पापडांच्या रांगेत. दहा वाजेपर्यंत तेल पाघळून बाहेर आलं आणि पापडांना लागलं. पुढे महिनाभर ट्रम्पेटला दोन वेण्या घालून शाळेत जाणाऱ्या मुलीचा वास येत होता.

खरं तेल कुरिअरने मागवलं. ते डहाणूपर्यंत आलं आणि तिथून फोन आला, "कासा कुठे आलं?" मी सांगितलं, महालक्ष्मीजवळ. तो म्हणाला, "कोल्हापूर का?" मग मीच जाऊन घेऊन आलो.

त्याच सुमारास सासूबाई राहायला आल्या. घरात पितळेची एवढी मोठी वस्तू आहे आणि ती समईसारखी झळकत नाही, हे त्यांना पाहवेना. मी शाळेत गेलो असताना त्यांनी चिंच, मीठ, राख आणि नारळाचा काथ्या घेतला. ट्रम्पेटवर पितळ काळं पडू नये म्हणून एक पारदर्शक लेप दिलेला असतो. तो नेमका काथ्यासाठीच दिला आहे, अशा समजुतीने त्यांनी दुपारभर घासलं. संध्याकाळी मी आलो तर कर्णा महालक्ष्मीच्या यात्रेतल्या नव्या भांड्यासारखा लखलखत होता. आत हात घालून त्यांनी जिथवर बोटं पोचली तिथवर घासलं होतं.

"आई, याचा लेप गेला."

"लेप नव्हता हो तो, मळ होता. जावई आहात म्हणून बोलत नाही."

पंधरा दिवसांत उघड्या पितळेवर डाग पडले. निम्मं सोनेरी, निम्मं तपकिरी. खंडेनवमीला सासूबाईंनीच त्याला हळदकुंकू वाहिलं आणि व्हॉल्व्हच्या फटीत अक्षता टाकल्या. आता आत तीन प्रकारचे पदार्थ झाले.

म्हणून आतून साफ करायचं ठरवलं. यासाठी एक लांब, वळणारा, स्प्रिंगसारखा ब्रश मिळतो. पण मी शिक्षक. शिक्षकाला पैसे देऊन वस्तू आणण्यापेक्षा टाकाऊतून टिकाऊ करण्यात जास्त अभिमान. एका जुन्या बनियनची पट्टी फाडली, दोरीला बांधली, दोरीच्या टोकाला नट लावला आणि नळीत सोडली. नट गेला, दोरी गेली, बनियनही गेलं. पहिल्या वळणावर तिघांचं काहीतरी बिनसलं. मी ओढलं तेव्हा दोरी एकटीच परत आली.

पुढचे तीन दिवस घरात जो येईल त्याने ट्रम्पेटमध्ये डोकावलं. सायकलची स्पोक, विणायची सुई, गवताची काडी, सगळं घालून झालं. शाळेतला एक सहकारी म्हणाला, "मुंग्या सोडा, कपडा खातील." दुसरा म्हणाला, "मुंग्या कपडा खात नाहीत, वाळवी खाते." वाळवी आणायची कुठून यावर मधली सुट्टी संपली. शेवटी मी चारोटी नाक्यावर हायवेच्या कडेला पंक्चर काढणाऱ्याकडे गेलो. तिथे ट्रकच्या टायरात हवा भरायचा मोठा कॉम्प्रेसर असतो. त्याने ट्रम्पेट हातात घेतलं, उलटंपालटं केलं, टायरसारखं कानाला लावून बघितलं.

"किती हवा भरू?"

"ट्रकला किती भरता?"

त्याने ट्रकलाच भरावी तशी भरली. 'फट्ट' असा आवाज झाला, आणि बनियन कर्ण्यातून सुटून समोर चहा पीत बसलेल्या ट्रक ड्रायव्हरच्या ग्लासात जाऊन पडलं. मागोमाग नट. त्या ट्रम्पेटमधून आजवर निघालेला तो सगळ्यात स्वच्छ आवाज होता. जमलेल्यांपैकी एकाने टाळी वाजवली. ड्रायव्हर ग्लासाकडे बघत राहिला.

"वीस रुपये," पंक्चरवाला म्हणाला.

"हवेचे?"

"हवा दहा. चहा दहा."

घरी आल्यावर मुलीने ट्रम्पेटची वळणाची नळी सहज ओढून बाहेर काढली. "बाबा, ही सुटते की!" ती सुटते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण मी ते तिला सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नव्हतो.

यानंतर मुलीच्या मैत्रिणींना एक शोध लागला. माउथपीसवर तळहात आपटला की 'टप्प' असा सुंदर आवाज येतो. चौघींनी मिळून तो बराच वेळ काढला. परिणाम असा, की माउथपीस नळीत रुतून बसलं. हलेना. पक्कड लावू नये, पितळ मऊ असतं आणि चिरडतं, हे मी वाचलं होतं. म्हणून हाताने ओढायचं ठरलं. मी माउथपीसकडून, बायको कर्ण्याकडून. आम्ही ओसरीवर समोरासमोर बसून दात-ओठ खात ओढत असताना शेजारचे काका दूध घेऊन आले, क्षणभर थबकले आणि म्हणाले, "नंतर येतो." ते दोन दिवस आलेच नाहीत. गावात मात्र लगेच कळलं, की गुरुजींकडे वाटणीवरून वाद चाललाय.

उपाय भौतिकशास्त्रात होता. धातू गारठला की आकसतो आणि तापला की फुगतो. म्हणजे नळी कोमट करायची आणि माउथपीस गार. मी आठवड्याच्या बाजारात मासळीवालीकडे गेलो.

"थोडा बर्फ हवा."

"मासळी?"

"मासळी नको. फक्त बर्फ."

"बर्फ कशाला? कुणाला लागलं?"

"तुतारीला."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग शेजारणीला म्हणाली, "ह्यांचं इलेक्शन अजून संपलं नाही वाटतं." आणि बोंबलांखालचा मूठभर बर्फ दिला. दहा मिनिटांत माउथपीस सुटलं. त्या संध्याकाळी मी महिन्याचा रियाज उरकला आणि मांजर मन लावून ऐकत बसलं. माझ्या वादनाला लाभलेला तो एकमेव श्रोता. दुसऱ्या दिवशी वास गेल्यावर तेही आलं नाही.

पावसाळ्याबद्दल फार बोलत नाही. तुतनखामेनच्या थडग्यात दोन तुताऱ्या सापडल्या, एक चांदीची, एक काशाची. तीन हजारांहून जास्त वर्षं त्या तिथे पडून होत्या, आणि १९३९ मध्ये बीबीसीने त्या वाजवून जगाला ऐकवल्या. इजिप्तची कोरडी हवा, दुसरं काय! त्या थडग्याऐवजी कासात असत्या तर नारळी पौर्णिमेच्या आत हिरव्या झाल्या असत्या. माझं ट्रम्पेट पहिल्याच श्रावणात झालं. ओल धरू नये म्हणून मी पेटीत मिठाची पुरचुंडी ठेवली. मीठ ओल शोषतं हे खरं. मीठ पितळ खातं हेही तितकंच खरं निघालं.

आणि भूकंपाबद्दल तर अजिबात बोलत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन अधूनमधून हलते. भांडी वाजली की लोक बाहेर पळतात. एका पहाटे भांडी वाजली, सगळे बाहेर पळालो, आणि मागून माळ्यावरचं ट्रम्पेट खाली आलं. कर्ण्याला पोचा. जत्रेत भांडी विकणाऱ्या एकाने तो लाकडी हातोडीने काढून दिला आणि तेवढ्याच मापाचा दुसरीकडे पाडला.

एवढं सगळं झाल्यावर माझी गाठ माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांशी पडली. ते तारपा वाजवतात. आमच्या भागात हे नवल नाही. जव्हारकडच्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना तर तारप्यासाठी २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी वारली चित्रांतून तारप्याभोवतीचा तो गोल नाच जगभर पोचवला. आजोबांच्या घरी गेलो तेव्हा त्यांचा तारपा भिंतीला टांगलेला होता. वाळवलेल्या दुधीचा पोकळ भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सगळं एकत्र धरून ठेवायला मेण. वर थोडी धूळ. शेजारी कोंबडी.

मी हळूच विचारलं, "याची निगा कशी राखता?"

"कसली?"

"म्हणजे, रोज पुसणं, तेल, धुणं?"

"धुतला तर भोपळा कुजेल ना."

"उन्हाळ्यात मेण वितळतं?"

"वितळतं. परत लावायचं."

"आणि भोपळाच फुटला तर?"

आजोबांनी घरामागच्या वेलाकडे बोट दाखवलं. तिथे कुंपणावर तीन-चार दुध्या लोंबत होत्या. "पुढल्या साली येतोच की."

मी वेलाकडे बघत राहिलो. माझ्या तेलाच्या बाटलीला डहाणूहून कासाला यायचा रस्ता सापडत नव्हता, आणि या माणसाचे सुटे भाग परसात पाण्यावर वाढत होते. शिवाय नको झाले तर भाजीही होत होती.

"तुमचं वाद्य आणा एकदा," आजोबा म्हणाले. "भातझोडणी झाली की पाड्यावर नाच आहे. बरोबर वाजवू."

पुढचे आठ दिवस मी ट्रम्पेटची जी सेवा केली ती घरातल्या कुणाची केली नाही. पाणी कोमट, हातावर घेऊन बघितलेलं, बाळाला घालतात तसं, कारण कढत पाण्याने उरलासुरला लेपही उठतो. टबात तळाशी टॉवेल. तिन्ही पिस्टन काढून वेगळे पुसले. अक्षता निघाल्या. हिरवं काहीतरी निघालं, त्याचा विचार मी केला नाही. सगळं वाळवलं, तेल घातलं, जोडलं. पिवळ्या फडक्याने तासभर पुसलं. घरात त्या फडक्याला कुणी हात लावायचा नाही असा नियमच होता. त्यावर मी मार्करने 'ट्रम्पेट' असं लिहूनही ठेवलं होतं.

पाड्यावर चांदणं होतं. आजोबांनी तारपा फुंकला. ते मधे श्वास घ्यायला थांबतच नव्हते, गाल फुगलेले, सूर अखंड. माणसं हातात हात गुंफून त्यांच्याभोवती फिरू लागली. या नाचात तारप्याकडे कुणी पाठ करत नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली. मी चिक चॉकलेटसारखं ट्रम्पेट उचललं. चांदण्यात ते काय दिसत होतं म्हणून सांगू! ओठ लावले आणि फुंकलं.

काहीच नाही.

पुन्हा फुंकलं. कानात दडे बसले, डोळ्यांसमोर काजवे चमकले, ट्रम्पेट गप्प. हवा आत जाईचना. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हे न वाजणारं वाद्य आहे का?" एका पोराने विचारलं.

"नाही रे," त्याची आई म्हणाली. "ते बघायचं असेल."

आजोबांनी तारपा वाजवत ठेवला. मी ट्रम्पेट काखेत मारलं आणि नाचाच्या रांगेत शिरलो. कुणीतरी माझा हात धरला. दोन तास नाचलो. पाय दुखले, पण काखेतल्या पितळेवर ओरखडा उठू दिला नाही.

घरी आल्यावर मुलीने पिस्टन बाहेर काढले, दिव्याजवळ नेले आणि म्हणाली, "बाबा, यांच्यावर आकडे आहेत." होते. बारीक कोरलेले एक, दोन, तीन. मी एकच्या जागी तीन आणि तीनच्या जागी एक घातला होता. भोकं भोकांसमोर आलीच नव्हती, त्यामुळे पाच फुटांची नळी मधेच बंद. दोन मिनिटांत तिने अदलाबदल केली. पिस्टन जागेवर बसल्याचा 'टक' आवाज आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी अंगणात उभा राहिलो आणि फुंकलं. म्हशीचा नाही, आजारी म्हशीचाही नाही, सरळ, गोल, लांब असा सूर निघाला आणि समोरच्या आंब्यावरचे कावळे उठले. शेजारचे काका बाहेर पळत आले, जमीन हलत नाही याची खात्री केली आणि आत गेले. मी ट्रम्पेट खाली घेतलं, दुसरा सूर लावण्यासाठी बोटं बदलली, आणि कर्ण्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा दिसला. लख्ख पितळेवर अगदी मधोमध.

मी घाईने आत गेलो. पेटीत फडकं नव्हतं. कपाटात नव्हतं. दोरीवरही नव्हतं. स्वयंपाकघरात बायको धिरडी घालत होती आणि तव्यावरून तेलाने माखलेलं पिवळंधमक काहीतरी फिरवत होती. कोपऱ्यात 'ट्रम्प' एवढी अक्षरं अजून दिसत होती.

"अगं, हे फडकं ट्रम्पेटचं आहे!"

तिने धिरडं उलटलं. "होतं," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर जाऊन वाजवा."